शुश्रूषागृहातील औषधांची साठवण व लेबले

शुश्रूषागृहात राहणाऱ्या, बहुतांशी वृद्ध व्यक्तींची औषधे सुरक्षित ठेवण्याची, त्यांवर नेमकी माहिती लिहिण्याची आणि निकामी औषधे वेळीच बाजूला काढण्याची पद्धत. (मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते; येथे दीर्घकालीन देखभालीचे निवासगृह अभिप्रेत आहे.) घरी माणूस आपली गोळी रंगावरून ओळखतो, वेगळी दिसली तर विचारतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती बहुधा विचारत नाही, त्यामुळे चूक पकडण्याचा भार लेबलावर पडतो.

लेबलावर व्यक्तीचे पूर्ण नाव, औषधाचे नाव, त्याची तीव्रता, किती, केव्हा व कसे द्यायचे आणि अंतिम मुदत असते. डॉक्टरांनी डोस बदलला तर जुन्या लेबलावर पेनाने खाडाखोड करू नये. फार्मासिस्टकडून नवे घ्यावे. लावायची मलमे पोटात घेण्याच्या औषधांपासून वेगळी ठेवतात.

सर्वांत जास्त हयगय होते ती उघडल्याची तारीख लिहिण्यात. छापलेली मुदत न उघडलेल्या कुपीची असते, हेच विसरले जाते. इन्सुलिनची बंद कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात; वापरायला काढल्यावर अनेक प्रकार 28 दिवसच चालतात, काहींची मुदत याहून कमी-अधिक असते. डोळ्यांच्या अनेक थेंबांचेही तसेच. तारीख नसलेली उघडी कुपी किती जुनी हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती टाकूनच द्यावी लागते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नसते, मग ते दिसायला कितीही ठीक असो. त्यामुळे फ्रिजचे तापमान रोज नोंदवतात आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवत नाहीत.

औषधांची ट्रॉली नजरेआड होताना कुलूपबंदच हवी. मार्गिकेत फिरणाऱ्या गोंधळलेल्या व्यक्तीला भलतेच औषध घ्यायला उघडा खण पुरेसा असतो. मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे (गैरवापराच्या धोक्यामुळे कायद्याने निर्बंध घातलेली) वेगळ्या कुलपात ठेवतात. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे गैरवापराचा मोठा धोका असलेल्या औषधांसाठी सामान्यतः स्वतंत्र कुलपाचा, कायमचा बसवलेला कप्पा लागतो. पाळी बदलताना दोन परिचारिका ही औषधे एकत्र मोजतात. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा वापरलेला पॅचही (त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी) धोक्याचा असतो, कारण त्यात औषध शिल्लक राहते. तो चिकट बाजू आत दुमडून, शक्यतो साक्षीदारासमोर नष्ट करतात.