बडोदे संग्रहालय व चित्रवीथी

गुजरातमधील बडोदे (वडोदरा) येथे विश्वामित्री नदीकाठच्या सयाजीबागेत हे संग्रहालय असून त्याचे व्यवस्थापन गुजरात शासनाकडे आहे. दांडिया बाजार परिसरातील जुन्या मराठी घरांत या बागेला आजही ‘कमाटीबाग’च म्हणतात, आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांना बडोदे दाखवायचे तर कमाटीबाग व तिथले म्युझियम ठरलेलेच असते. रेल्वे स्थानकापासून बाग जवळ असल्याने थोडा वेळ हाती असलेल्या प्रवाशालाही ते पाहता येते. मात्र तासाभरात सारी दालने पालथी घालण्यापेक्षा दोन-तीनच निवडावीत, हे बरे.

मालेगावजवळच्या कवळाणे गावातून १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आलेले महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८७ मध्ये संग्रहालयाची स्थापना केली. रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्यानुसार बांधलेली मुख्य इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. संग्रहालय प्रजेच्या शिक्षणासाठी असल्यामुळे कला, मानवशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकाच छपराखाली आले. मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांच्याभोवती शाळकरी मुलांची झुंबड असते, तर शिल्पदालनात बहुधा शांतता असते.

कलेच्या दृष्टीने या संग्रहालयाचे खरे वैभव म्हणजे अकोट्याचे जैन कांस्यशिल्प. शहराच्या पश्चिमेस असलेल्या अकोटा, म्हणजेच प्राचीन अंकोट्टक, येथे विसाव्या शतकाच्या मध्यास हा मूर्तिसंचय उजेडात आला आणि उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. त्यातील जीवंतस्वामींच्या मूर्तीपाशी अवश्य थांबावे. दीक्षेपूर्वीचे राजपुत्र महावीर येथे कायोत्सर्ग मुद्रेत, म्हणजे हात सरळ खाली सोडून ताठ उभ्याने केलेल्या ध्यानाच्या स्थितीत, उभे आहेत. देह तपस्व्यासारखा निश्चल, पण मस्तकी मुकुट, गळ्यात हार, दंडांवर अलंकार आणि कमरेला धोतर. राजवैभव आणि वैराग्य एकाच मूर्तीत असे क्वचितच पाहायला मिळतात. याच संचयातील चामरधारिणीच्या (चवरी ढाळणाऱ्या स्त्रीच्या) शरीराला दिलेला डौलदार बाकही तितकाच लक्षणीय आहे.

चित्रवीथीची स्वतंत्र इमारत १९१४ पर्यंत उभी राहिली, परंतु इंग्रज कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांनी तिच्यासाठी निवडलेली युरोपीय चित्रे पहिल्या महायुद्धामुळे वेळेवर पोहोचू शकली नाहीत आणि ती १९२१ मध्ये खुली झाली. पुढे जर्मन कलेतिहासकार हेरमान गट्झ यांनी संचालक म्हणून संग्रहाला अभ्यासाची शिस्त लावली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, तेही याच शहरात, हा योगायोग म्हणता येणार नाही.

राजा रविवर्मा यांची चित्रे पाहण्याच्या ओढीने येणारे अनेक मराठी प्रवासी कमाटीबागेत शिरतात. सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती, हे खरे. पण रविवर्म्यांचा राजघराण्याकडील मोठा संग्रह लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात आहे. शहरात मुक्काम असेल, तर तिकडे जाताना गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रेही पाहता येतात.