बाळाच्या मुठीतला घास

उष्टावण झालं की बाळासाठी वेगळी वाटी येते, वेगळा चमचा येतो आणि वरणभात मिक्सरमधून फिरवला जातो. बाळाचं लक्ष मात्र मोठ्यांच्या ताटावर. ब्रिटनमधल्या जिल रॅपली या आरोग्यसेविकेने ही ओढच हाताशी धरली. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला घरच्यांबरोबर जेवायला बसवायचं, मऊ शिजलेले तुकडे समोर ठेवायचे आणि काय, किती खायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. ‘बेबी-लेड वीनिंग’ म्हणतात ते हेच.

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ मान सावरतं, आधाराने ताठ बसतं, हाती लागेल ते तोंडात घालतं. तोंडात आलेलं घट्ट अन्न जिभेने बाहेर ढकलायची उपजत खोडही ओसरलेली असते. पण चिमटीत भाताचं शीत धरणं जमायला नववा महिना उजाडतो. तोवर सगळा कारभार मुठीचा, म्हणून तुकडा बोटाएवढा लांब हवा, म्हणजे मुठीबाहेर खायला काही उरतं. लाल भोपळा, रताळं, वाफवलेलं गाजर, पिकलं केळं, धिरड्याची पट्टी, काहीही चालेल. दोन बोटांत दाबलं की चिरडलं गेलं पाहिजे.

आता आजीचा प्रश्न: घशात अडकलं तर? इथे उबळ आणि गुदमरणं यांत गल्लत होते. या वयात जिभेवर बऱ्याच पुढे काही लागलं तरी उबळ येते. बाळ लाल होतं, खोकतं, ओकल्यासारखं करतं आणि तुकडा बाहेर पडतो. बघवत नाही, पण ती संरक्षणाची सोय आहे. गुदमरलेल्या बाळाचा आवाजच बंद होतो. तेव्हा डोकं खाली करून हातावर पालथं धरायचं आणि पाठीवर पाच थापा मारायच्या. हे आधीच शिकून ठेवलेलं बरं.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने २०६ गरोदर बायकांची नोंदणी करून याची चाचणी घेतली. निम्म्या घरांना बाळाला स्वतः खाऊ देण्याचं मार्गदर्शन मिळालं. गुदमरण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. मात्र त्या घरांना काय द्यायचं नाही तेही शिकवलं होतं, हे विसरू नये. आपल्याकडे त्या यादीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि कच्च्या गाजर-सफरचंदाच्या फोडी येतील. स्वतः खाणारी मुलं खाण्याचे नखरे कमी करतात, असंही दिसलं. वजन आटोक्यात राहील ही आशा होती, ती मात्र खरी ठरली नाही.

मला घशापेक्षा लोहाची काळजी जास्त वाटते. पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फारसं नसतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांची देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अशा वेळी बाळ नुसती काकडी चोखत बसलं तर हौस भागेल, लोह मिळणार नाही. ओटागोच्या चाचणीत प्रत्येक जेवणात एक लोहयुक्त पदार्थ ठेवायला सांगितलं होतं. आपल्या घरात मऊ शिजवलेलं चिकन, अंडं, नाहीतर लिंबू पिळलेलं मूगडाळीचं धिरडं ठेवता येईल. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप देतात, तेही चुकवू नये.

घरचंच द्यायचं म्हणजे घरचं मीठही आलं. म्हणून बाळाचा वाटा फोडणी-मिठाआधी काढून घ्यावा. वर्षाच्या आत मध तर चाटवायलाही नको, त्यातून बोटुलिझमचे, म्हणजे एका गंभीर विषबाधेचे, जिवाणू पोटात जाऊ शकतात.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला जेमतेम २०० कॅलरी लागतात, बाकीचं दूध पुरवतं. त्यामुळे निम्मं जमिनीवर सांडलं तरी बिघडत नाही. चमचा हद्दपार करायचंही कारण नाही. गुरगुट्या भात मुठीत कसा धरणार? वेळेआधी जन्मलेल्या किंवा वजन न धरणाऱ्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेने नेऊ नये.