उन्हाळ्यात खेळवलेली लीग : डब्ल्यूएनबीएच्या टीम्स कुठून आल्या आणि कुठे गेल्या

२०२४ पासून रील्स उघडल्या की डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगमधली केटलिन क्लार्क दिसतेच, अर्ध्या कोर्टवरून थ्री (तीन पॉइंटचा बास्केट) मारते, पब्लिक उभं राहतं. त्यामुळे बऱ्याच जणांचा असा समज झालाय की बायकांचं प्रोफेशनल बास्केटबॉल कालपरवा सुरू झालं. तसं अजिबात नाहीये. मागे बराच मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असला की अलीकडची पगाराची भांडणं, नव्या टीम्सची घोषणा, खेळाडू हिवाळ्यात कुठे जातात, या सगळ्याचा अर्थ लागतो. माझ्या मते यातली मुख्य गोष्ट एकच आहे: हॉल कुणाचा, आणि तो या खेळाडूंना वर्षातले कुठले महिने मिळतो. बाकी सगळं त्यातून निघतं.

क्लार्कचं राज्य आयोवा, तिथूनच सुरू करू, कारण तिथे मुलींचं बास्केटबॉल म्हणजे गावोगावचं वेड होतं. नियम मात्र वेगळे. एका टीमच्या सहा मुली कोर्टवर, तीन अटॅकला आणि तीन डिफेन्सला, मधली रेष कुणी ओलांडायची नाही आणि बॉल हातात आला की फक्त दोनदा ड्रिबल करायचं, म्हणजे बॉल जमिनीवर आपटायचा. बायकांना जास्त दमवायचं नाही या जुन्या समजुतीतून हे नियम आले, स्मिथ कॉलेजात १८९२ साली सेंडा बेरेन्सनने मुलींना हा खेळ शिकवला तेव्हापासूनची ती लाइन. पण आयोवाच्या मुलींनी त्याच नियमांत कमाल केली. डेनिस लाँग नावाच्या शाळकरी मुलीने १९६८ मध्ये एका मॅचमध्ये १११ पॉइंट मारले, आणि पुढच्या वर्षी एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या लीगच्या, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिला चक्क ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलं. एनबीएच्या कमिशनरने ती निवड रद्द केली, कारण उघड आहे. आयोवातलं हे सहा-सहाचं बास्केटबॉल १९९३ पर्यंत चाललं.

तोवर कॉलेज संपलं की पुढे काय, याचं उत्तर नव्हतं. कंपन्यांच्या आणि बिझनेस कॉलेजांच्या टीम्स होत्या, नॅशव्हिल बिझनेस कॉलेज त्यातली दादा टीम. टेक्सासमधल्या प्लेनव्ह्यू गावातल्या वेलँड बॅप्टिस्ट कॉलेजच्या फ्लाइंग क्वीन्सनी १९५३ ते १९५८ मध्ये सलग १३१ मॅच जिंकल्या, आणि नावात फ्लाइंग का, तर गावातला एक विमानवाला व्यापारी त्यांना आपल्या छोट्या विमानांतून मॅचला न्यायचा. हे लक्षात ठेवा, विमानाचा विषय पुढे परत येणार आहे. ऑल अमेरिकन रेड हेड्स नावाची आणखी एक टीम होती, १९३६ पासून जवळपास ५० वर्षं गावोगाव फिरून पुरुषांच्या टीम्सशी पुरुषांच्याच नियमांनी खेळायची, तेही केस लाल रंगवून. प्रेक्षकांना खेळाबरोबर तमाशाही हवा असायचा आणि त्याशिवाय तिकीट खपणार नाही असं आयोजकांनी धरूनच चाललेलं होतं. त्या बायका मात्र खरंच खेळायच्या आणि पोट त्यावरच चालायचं.

१९७२ ला टायटल नाइन हा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला मनाई, आणि त्यात खेळही आले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं. मग १९७८ च्या डिसेंबरमध्ये डब्ल्यूबीएल सुरू झाली, बिल बर्न या माणसाने काढलेली लीग, पहिली मॅच शिकागो हसल विरुद्ध मिलवॉकी डोज. या लीगमध्ये मॉली बोलिन होती, परत आयोवाचीच, आणि अॅन मायर्स होती, जिला १९७९ मध्ये एनबीएच्या इंडियाना पेसर्सनी ५० हजार डॉलरचं काँट्रॅक्ट देऊन पुरुषांच्या ट्रायलला बोलावलं. टीममध्ये नाही घेतलं, मग ती न्यू जर्सी जेम्सकडून डब्ल्यूबीएल खेळली आणि त्या सीझनची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ती आणि बोलिन अशा दोघी झाल्या.

लीगकडे टॅलेंट होतं, पैसा नव्हता. मार्च १९८१ मध्ये मिनेसोटा फिलीजच्या मुली शिकागोत मॅचला आल्या, खेळायचे कपडे घालून कोर्टवर उतरल्या आणि मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्याच्या सगळ्या निघून गेल्या, कारण पगार थकले होते. प्रेक्षक तिकीट काढून बसलेले होते. बायकांच्या प्रोफेशनल खेळातला हा क्षण मला फार मोठा वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याच वर्षी लीग बंद पडली.

पुढची १५ वर्षं अमेरिकेतल्या चांगल्या खेळाडूंना परदेशात जाण्याशिवाय धड पर्याय नव्हता. इटली, स्पेन, जपान. सिंथिया कूपर हे नाव आज आपल्याकडे कुणाला माहीत नसेल, पण ती आपल्या ऐन उमेदीची जवळपास ११ वर्षं युरोपात खेळली, अमेरिकेत तिचं नावही कुणी घेत नव्हतं.

१९९६ ला चित्र पालटलं. अॅटलांटा ऑलिम्पिकसाठी अमेरिकेने बायकांची नॅशनल टीम वर्षभर आधी एकत्र आणली, तारा व्हॅनडरव्हीर कोच, जगभर फिरवली, आणि ही टीम ऑलिम्पिकसकट ६० पैकी ६० मॅच जिंकली, फायनलला ब्राझीलला १११-८७ ने हरवलं. लिसा लेस्ली, शेरिल स्वूप्स, रेबेका लोबो, डॉन स्टेली, टेरेसा एडवर्ड्स सगळ्या त्यातच. एकदम लक्षात आलं की याला प्रेक्षक आहे. आणि एक सोडून दोन लीग उभ्या राहिल्या.

पहिली एबीएल, ऑक्टोबर १९९६ ला सुरू झाली. ही हिवाळ्यात खेळायची, म्हणजे बास्केटबॉलचा जो खरा सीझन असतो त्यात, पगारही बरे, सरासरी ७० हजार डॉलरच्या आसपास. ऑलिम्पिक टीममधल्या बऱ्याच जणी आधी इथेच गेल्या. दुसरी डब्ल्यूएनबीए, एनबीएनेच काढलेली, टीम्सही एनबीएच्याच मालकीच्या, एनबीएच्या टीम्स असलेल्या शहरांत आणि खेळाडूंचे पगारही लीगच देणार. पण ती खेळायची जून ते ऑगस्ट, कारण तेव्हा एनबीएचे हॉल रिकामे असतात आणि टीव्हीवर जागा असते. पगार पहिल्या वर्षी साधारण १५ हजार ते ५० हजार डॉलर. खेळाडूंसाठी एबीएल सरळसरळ चांगली होती. पण टीव्ही एनबीसी आणि ईएसपीएनचा, मार्केटिंग एनबीएचं, आणि एबीएलकडे यातलं काहीच नव्हतं. डिसेंबर १९९८ मध्ये ऐन सीझनच्या मध्यात एबीएल दिवाळखोरीत गेली. कोलंबस क्वेस्ट या टीमने तिच्या पूर्ण झालेल्या दोन्ही सीझन्सची चँपियनशिप जिंकली होती आणि आज ती टीम कुणाला आठवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. योलांडा ग्रिफिथ एबीएलमधून डब्ल्यूएनबीएत आली आणि पहिल्याच सीझनला, १९९९ ला, एमव्हीपी झाली, यावरूनच कळतं एबीएलचा दर्जा काय होता ते.

तर डब्ल्यूएनबीएची पहिली मॅच २१ जून १९९७, न्यूयॉर्क लिबर्टी विरुद्ध लॉस एंजेलिस स्पार्क्स, १४ हजारांवर पब्लिक, लिबर्टी ६७-५७ ने जिंकली. टीम्स आठ होत्या: न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, फीनिक्स, शार्लट, क्लीव्हलँड, सॅक्रामेंटो आणि युटा. यातल्या आज त्याच शहरात, त्याच नावाने किती उरल्यात? तीन. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, फीनिक्स. बस्स.

आणि जी सगळ्यात भारी टीम होती तीच गेली. ह्यूस्टन कॉमेट्सने पहिली चारही टायटल्स जिंकली, १९९७ ते २०००. युरोपातून परतलेली तीच सिंथिया कूपर, वय ३४, चारही वेळा फायनलची एमव्हीपी. सोबत टीना थॉम्पसन. आणि शेरिल स्वूप्स, जिला पहिला सीझन सुरू झाल्यावर चार दिवसांनी मुलगा झाला आणि साधारण सहा आठवड्यांत ती परत कोर्टवर होती. १९९९ चा सीझन तर वाचूनही गलबलून येतं. त्यांची पॉइंट गार्ड (टीमचा खेळ चालवणारी) किम पेरॉट, उंचीने लहान, ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेली, स्वतःच्या जिद्दीवर टीममध्ये आलेली, कॅन्सरने ऑगस्टमध्ये गेली. तिचा नंबर १०. कॉमेट्सनी तिसरं टायटल तिच्यासाठी जिंकायचं ठरवलं. फायनलची दुसरी मॅच ह्यूस्टनमध्ये, अडीच सेकंदसुद्धा उरले नाहीत, कॉमेट्स दोनने पुढे, वरून कागदाचे रंगीत तुकडे पडायलाही लागले, आणि लिबर्टीच्या टेरेसा वेदरस्पूनने अर्ध्या कोर्टच्या मागून बॉल फेकला तो बोर्डला लागून आत! ६८-६७. सगळा हॉल सुन्न. दुसऱ्या दिवशी तिसरी मॅच कॉमेट्सनी जिंकली आणि पेरॉटसाठीचं टायटल घेतलंच. लीगचा स्पोर्ट्समनशिप अवॉर्ड आजही किम पेरॉटच्या नावाने दिला जातो.

२००२ नंतर एनबीएने टीम्सची मालकी सोडली आणि एकेक मालकाने बघावं असं झालं. काही ठिकाणी त्याने भलं झालं, ओरलँडोची टीम २००३ मध्ये मोहेगन या मूळ अमेरिकन जमातीने घेतली आणि कनेक्टिकट सन म्हणून चालवली, एनबीएबाहेरचे पहिले मालक तेच. पण ज्या एनबीए मालकाला रस नव्हता त्याने सरळ दुकान बंद केलं. पोर्टलँड आणि मायामी २००२ ला, क्लीव्हलँड २००३ ला, शार्लट २००७ ला, कॉमेट्स २००८ च्या शेवटी गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून, सॅक्रामेंटो २००९ ला. डेट्रॉइट शॉकने तीन टायटल्स घेतली होती, २००३ च्या फायनलला २२ हजारांवर प्रेक्षक आले होते, तरी टीम तल्साला हलवली, तिथून डॅलसला. युटाची टीम सॅन अँटोनिओला आणि तिथून २०१८ मध्ये लास वेगासला, आज ज्यांना आपण एसेस म्हणतो त्या त्याच. प्रेक्षक येत नाहीत म्हणून टीम्स जातात हे वाक्य फार सहज बोललं जातं. लिबर्टीचं उदाहरण बघा. मालकाने टीम विकायला काढली आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून उचलून २०१८ ला न्यूयॉर्क शहराबाहेर व्हाइट प्लेन्सच्या जेमतेम ५ हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये नेऊन ठेवली. मग गर्दी कुठून होणार? २०१९ ला जो त्साई या उद्योगपतीने टीम घेतली, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये आणली, आणि २०२४ ला लिबर्टीने पहिलं टायटल जिंकलं तेव्हा तोच हॉल तुडुंब होता.

आता उन्हाळ्याच्या सीझनचा दुसरा परिणाम. तीन-चार महिन्यांच्या पगारावर वर्ष निघत नाही म्हणून खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्की, चीनला जायच्या. म्हणजे विश्रांतीच नाही, वर्षाचे बाराही महिने गुडघ्यांवर ताण. डायना तौरासी, लीगची सगळ्यात जास्त पॉइंट करणारी खेळाडू, रशियाच्या येकातेरिनबर्ग क्लबकडून वर्षाला १५ लाख डॉलरच्या आसपास घ्यायची, आणि डब्ल्यूएनबीएत तिचा पगार लाखभर. २०१५ ला त्या क्लबने तिला सांगितलं की उन्हाळ्यात खेळू नकोस, आराम कर, पैसे आम्ही देतो. आणि ती नाही खेळली! तिला दोष देण्यात काही अर्थ नाही, कुणीही तेच केलं असतं. ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली, ती तिथे चालली होती तीही याच क्लबकडे खेळायला, हिवाळ्याच्या कमाईसाठी. बातम्यांत राजकारण आलं, हे कारण फार कमी आलं.

आपल्याकडची एक मुलगी या लीगच्या दारापर्यंत गेली होती हेही सांगायला हवं. केरळची गीतू अॅना जोस, २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीएच्या टीम्सकडे ट्रायल दिली, असं करणारी पहिली भारतीय. निवड झाली नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, पण आपल्या बहुतेक मुलींचं बास्केटबॉल अजूनही रेल्वेच्या नोकरीवरच उभं आहे.

आणि विमान. १९५० च्या दशकात एका छोट्या कॉलेजच्या मुली स्वतंत्र विमानाने मॅचला जायच्या, आणि २०१८ ला लास वेगास एसेस साध्या फ्लाइट्सच्या गोंधळात २५ तासांवर प्रवास करून वॉशिंग्टनला पोचल्या, खेळण्याच्या अवस्थेत नव्हत्या, मॅच सोडली, ती हार धरली गेली, आणि प्लेऑफ (सीझनच्या शेवटची बाद फेरी) एका विजयाने हुकला. लिबर्टीच्या मालकांनी २०२१ ला गुपचूप चार्टर विमानं दिली तर लीगने त्यांनाच ५ लाख डॉलरचा दंड केला, कारण नियमाने चार्टरला बंदी होती, ज्यांना परवडत नाही त्या टीम्सवर अन्याय नको म्हणून. सगळ्या टीम्सना चार्टर मिळालं ते थेट २०२४ ला.

म्हणजे क्लार्क आली त्याच वर्षी. तिच्यामुळे प्रेक्षक प्रचंड वाढले हे शंभर टक्के खरं आहे, पण इंडियाना फीव्हरकडून पहिल्या वर्षी तिचा पगार होता ७६ हजार डॉलर. नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट या खेळाडूंनी जानेवारी २०२५ ला मायामीत अनरायव्हल्ड ही स्वतःची हिवाळी लीग काढली, खेळाडूंना तिच्यात मालकीचा हिस्साही दिला, म्हणजे हिवाळ्याचे महिने त्यांच्या स्वतःच्या हातात आले. डब्ल्यूएनबीएचा टीव्हीचा नवा करार ११ वर्षांचा आणि २०० कोटी डॉलरच्या वरचा, तो २०२६ पासून. म्हणूनच जुलै २०२५ च्या ऑल-स्टार मॅचला (लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच) सगळ्या खेळाडू ‘आमचं देणं द्या’ असं लिहिलेले टीशर्ट घालून कोर्टवर आल्या. त्यामागे मिनेसोटा फिलीजपासूनचा सगळा हिशोब आहे.

टीम्सही परत येतायत. गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज २०२५ ला आली, टोरंटो आणि पोर्टलँडला २०२६ चा सीझन दिलाय, पोर्टलँडने तर जुनं फायर हेच नाव ठेवलंय. पुढे क्लीव्हलँड २०२८, डेट्रॉइट २०२९, फिलाडेल्फिया २०३०, प्रत्येकी २५ कोटी डॉलर एंट्री फी भरून. यातल्या तीन शहरांतली टीम कधीतरी परवडत नाही म्हणून घालवली होती. त्यातली पोर्टलँड आणि क्लीव्हलँडची तर कायमची बंदच केली होती.