द्विध्रुवी विकार

द्विध्रुवी विकार : मनाची अवस्था, अंगातला उत्साह आणि विचारांचा वेग ही तिन्ही मिळून दीर्घकाळ चढतात किंवा उतरतात असा मानसिक आजार. बोलण्यात ‘बायपोलर’ हाच शब्द रुळला आहे. जुन्या पुस्तकांत ‘उन्माद-अवसाद’ असे जोडनाव सापडते. सकाळी हसणारा माणूस दुपारी चिडला की त्याला ‘बायपोलर’ म्हणून मोकळे होण्याची सवय पडली आहे, तिचा या आजाराशी संबंध नाही. इथले चढउतार तासांचे नसतात. ते कित्येक दिवस, आठवडे, कधी महिने टिकतात आणि दोहोंच्या मध्ये माणूस पुष्कळदा अगदी नेहमीसारखा असतो. म्हणून हा आजार एका भेटीत उमगत नाही. गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब समोर मांडला, तरच त्याचा आकार दिसतो.

चढाच्या टोकाला उन्माद किंवा मेनिया म्हणतात. त्याची पहिली खूण बहुधा झोपेत दिसते. निद्रानाश झालेला माणूस झोपेसाठी तळमळतो. उन्मादातल्या माणसाला झोप हवीशीच वाटत नाही, दोन-तीन तास पडून तो ताजातवाना उठतो. बोलण्याला खंड नसतो, एक विचार संपण्याआधी दुसरा धावून येतो, स्वतःच्या बुद्धीबद्दल आणि नशिबाबद्दल अफाट खात्री वाटू लागते, हातचा पैसा सुटतो. उन्माद म्हणजे आनंदाला आलेला ऊत, हा समज अर्धाच खरा आहे. कित्येकांत आनंदापेक्षा चिडखोरपणाच जास्त असतो आणि अडवणारा प्रत्येक जण शत्रू वाटतो. अवस्था तीव्र झाली तर भास आणि भ्रमही होतात. ही लक्षणे किमान ७ दिवस टिकली किंवा त्यापायी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तिला उन्माद म्हणतात. किमान ४ दिवस टिकणारी, इतरांच्या लक्षात येणारी पण रोजचे व्यवहार न मोडणारी सौम्य अवस्था म्हणजे हायपोमेनिया.

आयुष्यात एकदा जरी पूर्ण उन्माद येऊन गेला तरी निदान ‘प्रकार १’ असे होते. हायपोमेनिया आणि किमान २ आठवडे टिकणारा तीव्र अवसाद, म्हणजे उताराच्या टोकाची खोल उदासी, अशी जोडी असेल तर ‘प्रकार २’. दुसऱ्या प्रकाराला सौम्य मानण्याची चूक सर्रास होते. त्यात उन्मादाचा तमाशा नसतो एवढेच. अवसादाचा वाटा उलट मोठा असतो. अमेरिकेत प्रकार १ च्या १४६ रुग्णांची सुमारे १३ वर्षे आठवडावार नोंद ठेवली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार जवळपास निम्मे आठवडे काही ना काही लक्षणांत गेले होते. ३२ टक्के आठवडे अवसादाचे होते, तर निव्वळ उन्माद किंवा हायपोमेनियाचे ९ टक्केच. प्रकार २ मध्ये तर निम्मे आठवडे अवसादातच गेल्याचे त्याच संशोधकांना पुढे आढळले. लोकांच्या डोळ्यांत भरतो तो उन्माद. रुग्णाचे आयुष्य खाते ती उदासी. दोन्ही अवस्था एकमेकींत मिसळतात तेव्हा मन काळवंडलेले आणि शरीर मात्र पेटलेले अशी विलक्षण कोंडी होते. आत्महत्येच्या दृष्टीने हा काळ फार धोक्याचा.

निदान चुकण्याचे मूळही याच हिशेबात आहे. माणूस डॉक्टरांकडे जातो तो उदासीत. हायपोमेनियाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. ते तर ‘माझे चांगले दिवस’ असतात, मग सांगणार कशाला? साध्या नैराश्याचे निदान होते, नैराश्यावरच्या गोळ्या एकट्याच सुरू होतात आणि काही जणांत त्यानेच मन उसळून दुसऱ्या टोकाला जाते. पहिले लक्षण आणि योग्य निदान यांत अनेकदा वर्षे निघून जातात. जाणते मानसोपचारतज्ज्ञ म्हणूनच घरच्यांना विचारतात : याचे असे कधी झाले होते का, की झोप नाही आणि तरी दमणे नाही?

आजार काळाच्या ओघात पाहण्याची ही दृष्टी मिळायलाही शतके लागली. कॅपाडोशियाच्या आरेटिअस या ग्रीक वैद्याने प्राचीन काळीच खिन्नता आणि उन्माद एकाच माणसात आलटून पालटून दिसतात हे टिपले होते. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्झे या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी या चक्राचे स्वतंत्र वर्णन केले, आणि श्रेय कोणाचे यावरून दोघांत वादही झाला. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मध्ये या आजाराला पुढे स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखल्या गेलेल्या विकारापासून वेगळे काढले. त्याचा आधार होता रुग्ण पुढे कसे राहतात याचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. ‘द्विध्रुवी’ हे नाव मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात अधिकृतपणे आले ते १९८० मध्ये.

कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मात्र एकच एक जनुक नाही. अल्प परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांची ती बेरीज असते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असून दुसरा निरोगी राहिल्याची उदाहरणेही आहेत. जागरण, बाळंतपण, मोठा ताण आणि अमली पदार्थ यांनी उन्मादाचा किंवा अवसादाचा झटका ओढवू शकतो. सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा विकार होता.

शिक्षण, नोकरी, जोडीदार हे सगळे ठरण्याच्या वयातच आजार येतो, त्यामुळे त्याचे घाव खोल जातात. उन्माद ओसरल्यावर माणूस ताळ्यावर येतो आणि मग समोर हिशेब उभा राहतो : घेतलेली कर्जे, फेकलेला राजीनामा, भरल्या घरात बोललेले शब्द. काही आठवते, काही इतरांकडून ऐकावे लागते. ही लाजच पुढच्या अवसादाला खतपाणी घालते. घरच्यांचे दुखणे वेगळे. ते सदैव पहाऱ्यावर असतात. जरा आवाज चढला की ‘गोळी घेतली ना?’ हा प्रश्न येतो आणि रास्त रागालाही आजाराचे लेबल लागते. याहून सूक्ष्म नुकसान मनातल्या मनात होते. छान वाटले की शंका येते : हा खरा आनंद, की ‘ते’ परत सुरू झाले? स्वतःच्या आनंदाची अशी झडती घेत जगणे ही या आजाराची न दिसणारी किंमत आहे. दिसणारी किंमतही जड आहे : आत्महत्येचा धोका सामान्य लोकांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो आणि हृदयविकारांमुळेही आयुर्मान घटते.

हा आजार कायमचा उपटून टाकणारा उपाय नाही, पण ताब्यात ठेवणारे आहेत. त्यांत लिथियम या धातूच्या क्षारांची गोष्ट विलक्षण. ऑस्ट्रेलियात जॉन केड हे मानसोपचारतज्ज्ञ गिनीपिगांवर वेगळ्याच कल्पनेचा पाठपुरावा करत होते. लिथियमचे क्षार टोचल्यावर ते प्राणी सुस्त झाले. केड यांनी हे क्षार उन्मादाच्या १० रुग्णांना दिले आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. दुर्दैवाने त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी वापरल्या जाणाऱ्या लिथियमच्या क्षाराने मृत्यू झाले. औषध बदनाम झाले आणि तिथे मान्यता मिळायला १९७० उजाडले. त्या भीतीत तथ्य होते, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १ मिलिमोल प्रतिलिटर राखावे लागते. त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासतात, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवतात. जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली तरी हे प्रमाण चढते. एवढे असूनही आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा या आजाराच्या दुसऱ्या औषधामागे नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटायपिन ही इतर औषधे. पैकी व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना टाळतात.

औषध सोडून देण्याचा मोह बरे वाटू लागले की होतो आणि झटका परतण्याचे ते एक नेहमीचे कारण ठरते. औषधाच्या जोडीला झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा घट्ट बांधून घेणे, रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवणे, घरच्यांनाही उपचारांत सामील करून घेणे या गोष्टींनी झटके लांबवता येतात. काही जण बरे असतानाच एका कागदावर स्वतःच्या खुणा लिहून ठेवतात : मी पहाटे लोकांना फोन करू लागलो, एका दमात पाच कामे काढली, तर डॉक्टरांना कळवा आणि बँकेचे कार्ड काढून घ्या. मी भांडेन, तरीही.