मोठ्यांच्या एडीएचडीवरची पुस्तकं कुठून आली

पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात मी विक्रेत्याला विचारलं, "एडीएचडीवर काही आहे का?" तो लगबगीने मला बालसंगोपनाच्या टेबलाशी घेऊन गेला. "मुलगा कितवीत आहे, ताई?" मुलासाठी नकोय, मला स्वतःसाठी हवंय, असं म्हटल्यावर तो गप्पच झाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जवळजवळ अख्खं विसावं शतक एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा यांच्या विकारावरचं लिखाण डॉक्टरांसाठी, शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी होत राहिलं. ज्याला हा त्रास आहे तो मोठा होऊन स्वतःच पुस्तक हातात घेईल, हे फार उशिरा लक्षात आलं. ते कसं लक्षात आलं हे कळलं, तर समोरच्या ढिगातून आपल्या कामाचं पुस्तक उचलणं बरंच सोपं जातं.

आपल्याकडे त्यासाठी रूढ झालेला शब्द आहे 'अतिचंचलता'. तो ऐकला की डोळ्यांसमोर बाकावरून उड्या मारणारा सात-आठ वर्षांचा मुलगा येतो. गॅसवर दूध ठेवून विसरणारी, विजेचं बिल पैसे असूनही मुदत उलटल्यावर भरणारी चाळिशीतली बाई येत नाही. या शब्दावर जुन्या समजुतीचा शिक्का आहे, आणि ती समजूत चांगलीच जुनी आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन याने 1798 मध्ये लक्ष न टिकण्याच्या विकाराचं वर्णन केलं. ते आजही ओळखीचं वाटतं, पण हा दोष सहसा वयाबरोबर कमी होतो, असंही त्याने लिहून ठेवलं. 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 43 मुलांची माहिती व्याख्यानांतून मांडली आणि मूळ दोष 'नैतिक नियंत्रणा'चा आहे असं म्हटलं. मुलांची बुद्धी ठीक होती, हे त्याला दिसत होतं. तरीही शब्द निवडला तो नीतीचा. धांदरट, वेंधळी, आळशी, बेफिकीर अशी विशेषणं ऐकत जी माणसं मोठी झाली, त्यांना तो शब्द कुठे लागतो हे वेगळं सांगायला नको.

औषध योगायोगाने सापडलं. 1937 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीवर उपाय म्हणून मुलांना बेंझेड्रिन हे अँफेटामिन जातीचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण बऱ्याच मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे मिथाइलफेनिडेट हे आजही वापरात असलेलं उत्तेजक औषध आलं. तरीही रोगी म्हणजे मूलच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीच्या 1968 च्या आवृत्तीत विकाराचं नावच बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया अशा अर्थाचं होतं, आणि किशोरवयात ती सहसा ओसरते, अशी ओळही होती. क्रिक्टनचं वाक्य 170 वर्षांनी पुन्हा छापल्यासारखं. जो त्रास ओसरतोच, त्यावर मोठ्यांसाठी पुस्तक कोण लिहिणार?

ही समजूत दोन ठिकाणी ढासळली. माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी अशा मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. बऱ्याच जणांचा त्रास गेला नव्हता, त्याचं रूप तेवढं बदललं होतं. दुसरं ठिकाण अमेरिकेतलं युटा राज्य. तिथे पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये 15 प्रौढांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना देतात तेच औषध मोठ्यांनाही लागू पडतं का, हे त्यांनी तपासलं. मला या अभ्यासातली एक गोष्ट फार जवळची वाटते. समोरचा माणूस लहानपणी कसा होता हे ठरवायला वेंडर त्याच्या आईवडिलांना विचारत आणि त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेत. आजही चांगला डॉक्टर लहानपण विचारल्याशिवाय निदान करत नाही. माझ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, "आईंना घेऊन या." आई खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हिच्या कंपासपेटीचं झाकण घरी असायचं अन् पेटी शाळेत. वर्षाला चार पेट्या घेतल्यात मी." डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

1980 च्या निदानसूचीत नाव बदललं. चंचलतेऐवजी अवधान, म्हणजे लक्ष, मध्यावर आलं. उड्या न मारता नुसतंच हरवून जाणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार मान्य झाला, आणि मोठेपणी उरलेल्या त्रासालाही जागा मिळाली. 1987 मध्ये एडीएचडी हे नाव पडलं. त्याच वर्षी फ्लोरिडात पालकांनी चॅड ही संघटना उभारली. त्याच सुमाराला घडत होतं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मुलाला घेऊन दवाखान्यात आलेले आईबाप मुलाची प्रश्नावली भरता भरता थांबत होते. हे तर माझंच वर्णन आहे! आमच्याही घरी असंच घडलं. आधी मुलाची फाइल झाली, मग माझी.

त्या थबकण्यातून पहिली पुस्तकं आली. 1993 मध्ये अमेरिकेत केट केली आणि पेगी रामुंडो या दोघींचं पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ असा की, म्हणजे मी आळशी, मठ्ठ किंवा वेडी नाही तर! दोघींनाही हा त्रास होता. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाचा हात धरावा तसं ते लिहिलंय. स्टिलच्या 'नैतिक नियंत्रणा'ला नव्वद वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे, असं मी मानते. पुढच्याच वर्षी एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांचं 'ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन' आलं. दोघेही मनोविकारतज्ज्ञ, आणि दोघांनाही स्वतःला एडीएचडी. हॅलोवेल यांना तो आपल्याला आहे हे 1981 मध्ये, बालमानसोपचाराचं शिक्षण घेत असताना, 31 व्या वर्षी उमगलं. पुस्तकाने खपाचे उच्चांक गाठले. डॉक्टरच स्वतःबद्दल सांगतोय म्हटल्यावर लाखो वाचकांना धीर आला. 1995 मध्ये सारी सोल्डन यांनी केवळ स्त्रियांवर लिहिलं. मुलगी वर्गात गोंधळ घालत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. मग संसार अंगावर पडतो, डबे, औषधं, पाहुणे, आहेर असं सगळं एकटीने लक्षात ठेवायची वेळ येते आणि सगळी घडी मोडते. हे पुस्तक मी सलग वाचू शकले नाही, मधेमधे रडायला यायचं.

ही झाली ओळख पटवणारी पुस्तकं. निदान नुकतंच झालेलं असेल तर इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. पण त्यांतला औषधांचा आणि मेंदूचा भाग त्या काळचा आहे. म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी कॉपीराइटचं पान उघडून वर्ष बघावं. हॅलोवेल-रेटींच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती 2011 ची आहे, आणि त्याच जोडीचं नवं पुस्तक 2021 चं.

त्याच दशकात स्पष्टीकरणं देणारी पुस्तकंही आली. थॉम हार्टमन यांनी शिकारी आणि शेतकरी अशी कल्पना मांडली: हे लोक शेतकऱ्यांच्या जगात अडकलेले शिकारी आहेत. मनाला उभारी देणारी ही कल्पना आहे, पण तिला पुरावा समजू नये. 1999 मध्ये गाबोर माते यांनी बालपणीच्या ताणावर भर दिला. ते लिहितात सुंदर, पण जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात येतो, हे मनाशी ठेवूनच वाचावं. नाहीतर आधीच अपराधी वाटणाऱ्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं. रसेल बार्कली यांनी 1997 मध्ये सगळा विषय स्वनियंत्रणाभोवती मांडला आणि 2010 मध्ये खास प्रौढांसाठी पुस्तक लिहिलं. कोरडं आहे, पण भक्कम.

रोजच्या जगण्याला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती सरावाची पुस्तकं, आणि ती 2000 नंतरची आहेत. औषधाने लक्ष लागतं, पण कपाट आवरायची सवय गोळीतून मिळत नाही. म्हणून स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायचा उपचार, प्रौढ एडीएचडीसाठी बेतला आणि 2005 मध्ये वाचकाने स्वतः भरायची कार्यपुस्तिका काढली. तिच्यात मोठे सिद्धांत नाहीत. एक वही, एक कॅलेंडर. आपलं लक्ष किती मिनिटं टिकतं ते घड्याळ लावून मोजा आणि कामाचे तेवढेच तुकडे करा. मी मोजलं, तेव्हा 11 मिनिटं भरली. आयकराचे कागद लावायला बसले की चौथ्या मिनिटाला आठवतं, सिलिंडर बुक करायचाय. पूर्वी मी उठून फोन शोधायला जायचे आणि कागद तिसऱ्या दिवशी सापडायचे. आता वहीत 'सिलिंडर' एवढंच लिहायचं आणि कागदांकडे परत यायचं. अकरा मिनिटं झाली की वही बघायची. मोबाइलवर, टीव्हीच्या रिमोटवर रंगीत टिकल्या चिकटवायच्या. टिकली दिसली की स्वतःला विचारायचं, आत्ता मी करायचं तेच करतेय ना? इतकी साधी गोष्ट आहे, पण माझी दुपार तिने वाचवली.

अमेरिकन पुस्तक वाचताना आपल्याला दोन प्रकरणं जपून वाचावी लागतात. एक औषधांचं. तिथली अँफेटामिनची औषधं इथे सर्रास मिळत नाहीत, आणि मिथाइलफेनिडेट 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत असल्यामुळे साध्या चिठ्ठीवर कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावं. दुसरं नोकरीतल्या हक्कांचं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. त्यामुळे तिथला वाचक साहेबाकडे जी सवलत हक्काने मागतो, ती इथे विनंती म्हणूनच मागावी लागते.

माझ्या शेल्फावरची ही सगळी पुस्तकं इंग्रजी आहेत आणि आईला इंग्रजी येत नाही. परवा रात्री सोल्डन यांच्या पुस्तकातली काही पानं मी तिला मराठीत सांगत बसले. वर्गात शांत बसणाऱ्या आणि म्हणून कुणाला न दिसणाऱ्या मुलींबद्दलची. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "हे कधी छापलंय?"

"1995."

"तेव्हा तू आठवीत होतीस," ती म्हणाली.