खाण्याच्या आजारांवरची औषधं: आधी दोष शोधला, मग आजार

आपल्या कोकणात वयात आलेल्या मुलीची अन्नावरची वासना उडाली की आधी दृष्ट काढतात, मग देवळात कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि तरी ती खाईना तर शेवटी आईलाच ऐकावं लागतं की तूच लाडावून ठेवलीस. पण डॉक्टर लोकांनी तरी वेगळं काय केलं? १८७३ च्या सुमारास पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराचं नीट वर्णन केलं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गलचं, आणि त्याचं स्पष्ट मत होतं की अशा पेशंटची काळजी घ्यायला घरचे लोक सगळ्यात वाईट.

मग १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या सिमंड्स या डॉक्टरला खंगून मेलेल्या एका बाईची मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी नष्ट झालेली दिसली, झालं, दोष ग्रंथीचाच असं धरून पुढे कित्येक वर्षं न जेवणाऱ्या मुलींना ग्रंथींचे अर्क देत बसले. ते मागे पडलं तेव्हा मनोविश्लेषणवाले, म्हणजे आजाराचं मूळ बालपणात शोधणारे, आले आणि दोष परत आईवर.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९४४-४५ चा मिनेसोटाचा प्रयोग. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, त्यांचं वजन साधारण पाव भागाने उतरलं, आणि ती चांगली मुलं घासाचे बारीक तुकडे करून तासभर ताटावर बसायला लागली, पाककृती जमवायला लागली, उन्हाळ्यात कुडकुडायला लागली. आमच्या वाडीतली एक मुलगी मे महिन्याच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायची, भाताची शितं बोटाने एकेक बाजूला करायची, आणि लोक म्हणायचे नाटकं करते. अहो, ती उपासमारीची लक्षणं आहेत! पण संशोधनाची खरी अडचण पण इथेच आहे, कारण आजारी माणसाच्या मेंदूत जे बिघडलेलं दिसतं ते आजाराचं मूळ की उपाशी राहिल्याचा परिणाम, हे वेगळं काढणं फार कठीण.

औषधांचं म्हणाल तर ॲनोरेक्सियावर १९६० च्या आसपास क्लोरप्रोमाझिन हे गंभीर मनोविकारांवरचं औषध वापरून बघितलं, फार काही साधलं नाही. १९७९ मध्ये जेराल्ड रसेलने बुलिमिया, म्हणजे भसाभसा खाऊन मग उलट्या काढणं, हा वेगळा आजार म्हणून मांडला आणि तिथे मात्र औषध लागू पडलं. १९८३ मध्ये इमिप्रॅमिन या डिप्रेशनवरच्या औषधाची ट्रायल झाली, नंतर तसलंच फ्लुऑक्सेटिन आलं, त्याला नव्वदच्या दशकात अमेरिकेत मान्यता मिळाली, डोस ६० मिलिग्रॅम, डिप्रेशनला साधारण २० ने सुरू करतात. हे औषध मेंदूतल्या ज्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतं त्याचा संबंध आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं. पण तेच औषध वजन सावरलेल्या ॲनोरेक्सियाच्या ९३ पेशंटना देऊन बघितलं तर २००६ चा निकाल असा की प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, काही फायदा नाही. २०१९ मध्ये ओलान्झापिन या मनोविकारांवरच्या औषधाने १५२ जणांच्या ट्रायलमध्ये वजन थोडंसं वाढलं, डोक्यातली वजन वाढण्याची भीती होती तशीच राहिली.

२०१९ मध्येच जवळपास १७ हजार पेशंटच्या जनुकांचा अभ्यास आला, ॲनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि नातं नुसतं ओसीडीसारख्या (तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत तो) मनाच्या आजारांशी नाही तर चयापचयाशी पण निघालं, म्हणजे वजन उतरलं की काहींचं शरीरच ते परत वर येऊ देत नसेल, अशी शंका आता घेतात. ॲनोरेक्सियासाठी म्हणून मान्य झालेलं औषध अमेरिकेत अजून एकही नाही. लहान वयाच्या पेशंटमध्ये जास्त उपयोगी पडते ती लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये ऐंशीच्या दशकात तयार झालेली पद्धत, ज्यात मुलीला जेवायला घालायचं काम आईबापांकडेच देतात, ज्यांना गलने सगळ्यात वाईट म्हटलं होतं त्यांच्याकडेच.

घरात कोणी असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि पाळी बंद झाली असेल, चक्कर येत असेल किंवा उलट्या काढत असेल तर कौल नंतर लावा, आधी डॉक्टरकडे नेऊन रक्तातलं पोटॅशियम तपासून आणि ईसीजी करून घ्या.