चायनाटाउनच्या बायका तपासणीला का येत नव्हत्या?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी स्त्रिया पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी) आणि मॅमोग्राफीला (स्तनांची एक्स-रे तपासणी) गोऱ्या बायकांच्या मानाने कमी येतात, असं तिथले संशोधक कित्येक वर्षं सांगत आले आहेत. कारण विचारलं की 'संकोच' आणि 'संस्कृती' ही उत्तरं तयार असतात. संकोच आहेच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडायच्या आधी जुनी दप्तरं उघडायला हवीत.

१८७५ च्या पेज कायद्याचा रोख कागदावर वेश्याव्यवसायावर होता. प्रत्यक्षात त्याने जवळपास सगळ्याच चिनी बायकांची वाट अडवली. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी आली. १८९० च्या जनगणनेत सुमारे २७ चिनी पुरुषांमागे एक स्त्री होती. त्यात १९०० साली प्लेगचं निमित्त करून सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनला, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीला, वेढा घातला गेला. सीमा अशी आखली, की गोऱ्यांची दुकानं बाहेर राहिली. शेवटी कोर्टाने तो वेढा भेदभावाचा ठरवून उठवला.

१९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, उतरणाऱ्यांच्या हातात शौचाच्या नमुन्यासाठी भांडं दिलं जाई. पोटात जंत निघाले तर परत पाठवणी व्हायची भीती. डॉक्टरी तपासणीची त्यांची पहिली ओळख ही अशी झाली. शहरात चिनी लोकांनी स्वतःचीच सोय केली: १९०० च्या सुमारास तुंग वाह दवाखाना, आणि १९२५ मध्ये चायनीज हॉस्पिटल.

बंदी १९४३ मध्ये उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांना प्रवेश. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. पॅप टेस्ट तोवर अमेरिकेत रुळली होती, मॅमोग्राफीचा उपयोग जोखणारी मोठी संशोधन-चाचणी न्यूयॉर्कमध्ये नुकतीच सुरू झाली होती. उतारवयात आलेल्या बायकांना मात्र 'काही दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं' हा प्रकारच नवा होता. (आपल्याकडच्या आज्यांना तरी कुठे पटतो?)

म्हणून त्या अडाणी होत्या असं नाही. खुद्द चीनमध्ये, १९८९ पासून शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,००० बायका स्वस्तनपरीक्षणाच्या (स्वतःच हाताने स्तन चाचपून गाठ शोधण्याच्या) संशोधन-चाचणीत होत्या. त्यातल्या निम्म्यांना ते नीट शिकवलंही होतं. त्याने मृत्यू काही कमी झाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या शिलाई कारखान्यांत मजुरी नगावर मिळे. दवाखान्यात गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई. साहजिकच दुखणं अंगावर काढायचं. १९८२ मध्ये तिथल्या सुमारे २०,००० कामगारांनी, बहुतेक सगळ्या बायकाच, संप केला. युनियनच्या करारासोबत येणारा आरोग्य विमा ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. १९७१ च्या रस्त्यावरच्या आरोग्य मेळ्यातून उभं राहिलेलं केंद्र आज चार्ल्स बी. वांग कम्युनिटी हेल्थ सेंटर म्हणून चालतं.

सरकारी आकडेवारीने वेगळा घोळ घातला. १९७७ पासून चिनी, भारतीय, व्हिएतनामी, सामोअन (पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचे) सगळे एकाच रकान्यात मोजले जायचे. त्यामुळे नेमकं कोण मागे आहे ते दिसायचंच नाही.

सिएटल आणि कॅनडातल्या व्हँकूवरमधल्या एका संशोधन-चाचणीचे निकाल २००२ मध्ये आले. चिनी भाषा बोलणारी कार्यकर्ती घरी गेली तिथे ३९ टक्के बायकांनी पॅप टेस्ट करून घेतली. नुसती टपालाने माहिती गेली तिथे २५ टक्के, काहीच केलं नाही तिथे १५ टक्के. संकोच तिन्ही गटांत सारखाच असणार. फरक पडला तो भाषेने आणि भेटीने. इंग्रजी न येणाऱ्यांनाही सरकारी पैशावरच्या सेवा मिळाव्यात, म्हणून २००० साली अध्यक्षीय आदेश निघाला होता. मार्च २०२५ मध्ये तो रद्द झाला.